मोत्याची शाळा

शेगावच्या आसपास कोणत्याही खेड्यात जा. चार ओटे ओलांडले की एखाद्या ओट्यापाशी कुत्रे बसलेले दिसेलच. कोणी त्याला मोत्या म्हणतात, कोणी वाघ्या, कोणी शेरू. रात्री ते गोठ्याची राखण करते. शेतात रानडुकरे शिरली की भुंकून धन्याला जागे करते. एवढे काम ते करते आणि त्याची मजुरी काय, तर उरलेली भाकर.

पण त्याला कोणी काही शिकविले आहे का, असे विचारा. लोक हसतील. म्हणतील, "कुत्र्याले काय शिकवा लागते बाप्पा?"

मग होते काय ते पाहा. पिल्लू लहान असते तेव्हा घरातली पोरे त्याला कडेवर घेऊन गावभर फिरतात. सहा महिन्यांत ते मोठे होते. धोतर ओढते, चपला पळविते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर जाते. मग त्याच्या गळ्यात साखळी पडते. दिवसभर एका खुंट्याला बांधलेले कुत्रे चिडके होते. ते चिडके झाले म्हणून आपण साखळी आणखी आखूड करतो. साखळी आखूड झाली की ते आणखी चिडते. एके दिवशी साखळी तुटते, आणि शेजारच्या लेकराची पोटरी त्याच्या दातांत सापडते. लेकरू दवाखान्यात जाते. दोन घरांचे बोलणे बंद होते. कुत्र्याच्या पाठीत काठी बसते.

यात चूक कोणाची? आम्ही म्हणतो, कुत्र्याची नाही. त्याला शाळेत घातलेच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, "कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच." म्हण खरी आहे. शेपूट वाकडेच राहणार. पण आपल्याला शेपूट कुठे सरळ करायचे आहे? आपल्याला कुत्रे शहाणे करायचे आहे, आणि ते होते.

कुत्रे मूळचे लांडग्याच्या वंशातले. निदान पंधरा हजार वर्षांपूर्वीच ते माणसाजवळ येऊन राहिले. त्या वेळी माणसाला शेतीसुद्धा येत नव्हती. म्हणजे गाय, बैल, शेळी यांच्याही आधी कुत्रे आपल्या घरी आले. आपल्या महाराष्ट्रात प्रवरा नदीच्या काठी दैमाबाद नावाचे गाव आहे. तेथे १९७४ साली जमिनीत फार प्राचीन काळची धातूची खेळण्यासारखी चित्रे सापडली. त्यांत एक बैलजोडीचा रथ आहे. रथावर माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर कोण उभे आहे? कुत्रे! आजही आपले कुत्रे बैलगाडीच्या सावलीत चालते आणि गाडी आपणच ओढतो असा त्याचा थाट असतो. ही जोडी किती जुनी आहे ते यावरून ध्यानात येईल.

आता समजा, आपल्या घरी एक पिल्लू आणायचे आहे. नाव ठेवू या मोत्या.

पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत त्याला आईजवळ राहू द्या. आईजवळ आणि भावंडांत खेळताना ते एक मोठा धडा शिकते. जोराने चावले की दुसऱ्याला लागते आणि खेळ बंद पडतो, हा तो धडा. पंधरा दिवसांचे पिल्लू उचलून आणले तर हा धडा बुडतो. मग तो आपल्या बोटांवर शिकवावा लागतो.

साडेतीन महिन्यांचे होईपर्यंत पिल्लाचे मन ओल्या मातीसारखे असते. या दिवसांत जे दिसेल, जे ऐकू येईल, त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही. म्हणून याच वेळी त्याला माणसे दाखवा. म्हातारा काठी टेकत येतो, बाई डोक्यावर भारा घेऊन येते, पोरगा सायकलवरून येतो, हे सगळे त्याला पाहू द्या. ट्रॅक्टरचा आवाज ऐकू द्या. आपल्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे. प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी आली की दिंड्या चालू होतात. आषाढीची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव रस्ता माणसांनी भरून जातो. टाळ, मृदंग, पताका, हजारो पाय! ज्या कुत्र्याने हे कधी पाहिले नाही ते बावरते. बावरलेले कुत्रे पळते किंवा चावते. वारकरी अनवाणी, थकलेला, त्याच्या पायाला कुत्रे चावले तर काय होईल? म्हणून लहानपणीच पिल्लाला कडेवर घ्या, दूर उभे राहा आणि टाळांचा आवाज ऐकवा. आवाज चालू असताना भाकरीचा तुकडा द्या. दुसऱ्या दिवशी चार पावले जवळ जा. घाई करू नका. पिल्लू थरथरू लागले तर मागे या. आणि लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला गर्दीच्या जागी खाली सोडू नका, अनोळखी कुत्र्यांत मिसळू देऊ नका. लसीचे पुढे सांगतोच.

घर घाण न करणे हे तर सोपे आहे. पिल्लू झोपून उठले, खाऊन झाले, खेळून झाले की लगेच त्याला बाहेर एका ठरलेल्या जागी न्या. तेथे त्याने केले की शाबासकी द्या. घरात केले तर मुकाट्याने पुसून टाका. काही लोक त्याचे नाक त्यात घासतात. त्याने ते एवढेच शिकते की हा माणूस जवळ आला की पळावे.

आता फिरविणे. हा खरा मोठा धडा आहे.

बांधायला लोखंडी साखळी नको. आपला मुलूख कापसाचा. चांगला सुती दोर घ्या, चार-पाच हात लांब. नायलॉनचा दोर हात कापतो आणि कुत्र्याची मानही कापतो. गळ्यातला पट्टा इतका सैल हवा की त्याखाली आपली दोन बोटे जातील. पिल्लू वाढते, पट्टा वाढत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी बोटे घालून पाहा. पट्टा मानेत रुतून जखम झालेली कुत्री आपण पाहतोच.

पहिले दोन दिवस नुसता पट्टा घालून घरात खेळू द्या. मग दोर बांधा आणि अंगणात हिंडू द्या. त्यानंतर बाहेर निघा. समजा, घरातली थोरली पोरगी दोर धरून निघाली. मोत्या लागला पुढे ओढायला. ओट्यावरून आजी हसते. म्हणते, "काय वं बाई, तू कुत्र्याले फिरवून राह्यली का कुत्रं तुले फिरवून राह्यलं?"

बाप म्हणतो, "ओढ न त्याले मागं!"

इथेच चुकते. आपण मागे ओढले की कुत्रे पुढे जोर लावते. गळ्यावर ताण आला की त्याच्या उलट रेटायचे, हा जनावराचा स्वभाव आहे. मग काय करायचे? थांबायचे. एक शब्द बोलायचा नाही, हिसका द्यायचा नाही. झाडासारखे उभे राहायचे. मोत्या ओढील, वळून पाहील, कंटाळेल. ज्या क्षणी दोर सैल पडेल त्याच क्षणी "शाबास" म्हणायचे आणि चालू लागायचे. पुन्हा ओढले, पुन्हा थांबायचे. पहिल्या दिवशी पन्नास पावले जायला पाव तास लागेल. शेजारी हसतील. हसू द्या. रोज केले तर दोन-तीन आठवड्यांत मोत्याला समजते की दोर ताणला की वाट बंद, दोर सैल सोडला की वाट मोकळी.

शेतकऱ्याला हे नवे नाही. नव्या गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतो का? नाही. आधी त्याच्या अंगावरून हात फिरवितो, मग मानेला जू दाखवितो, मग शहाण्या बैलाच्या जोडीला देतो. गोऱ्ह्यासाठी जो धीर धरतो तोच इथे धरायचा. पण कुत्रे फुकट मिळाले म्हणून त्याच्यावर आपला वेळ खर्च करायला जीव होत नाही, हे खरे कारण आहे.

लहान पिल्लाला फार चालवू नये. सकाळी दहा-पंधरा मिनिटे, संध्याकाळी तेवढीच. मोठे झाले की अर्धा-पाऊण तास. गल्लीतून निघून पांदणीने शेताकडे जावे. वाटेत त्याला वास घेऊ द्या. आपण जसे पेपर वाचतो तसे कुत्रे वास वाचते. पण रेल्वेच्या रुळांकडे त्याला मोकळे सोडू नका. मुंबई-नागपूर लाईनवर गाड्यांची ये-जा सारखी चालू असते. ज्या कपाशीवर औषध फवारले असेल त्या शेतातूनही नेऊ नका. औषध पायाला लागते, कुत्रे पाय चाटते आणि विष पोटात जाते. त्याची विष्ठा शेजाऱ्याच्या दारापुढे, विहिरीजवळ किंवा पोरे खेळतात तेथे पडली तर मातीत पुरा. तिच्यातून जंतांची अंडी मातीत मिसळतात, आणि मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. वऱ्हाडात पारा ४४-४५ अंशांवर जातो. माणसाला घाम येतो म्हणून अंग थंड राहते. कुत्र्याला तसा घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापते तेवढाच त्याला गारवा. म्हणून चैत्र-वैशाखात सूर्य वर येण्याआधी फिरवा आणि रात्री जमीन निवल्यावर फिरवा. निवली की नाही कसे ओळखायचे? हाताची मागची बाजू जमिनीला लावा आणि सावकाश सातपर्यंत मोजा. हात ठेववला नाही तर कुत्र्याचे पायही भाजतील. आपल्या पायात चप्पल असते.

आता शब्दांचे शिक्षण. फार शब्द नकोत. "ये", "बस", "थांब", "सोड" हे चार पुरेत. पण घरातल्या सगळ्यांनी तेच चार शब्द वापरायचे. बाप म्हणतो "बस", पोरगा म्हणतो "खाली बैस ना बे", आजी म्हणते "हाड्". मोत्याने कोणाचे ऐकायचे?

"बस" असे शिकवा. भाकरीचा छोटा तुकडा चिमटीत धरा. तो मोत्याच्या नाकासमोरून डोक्यावर न्या. मोत्या मान वर करील, आणि मान वर झाली की बूड आपोआप खाली टेकते. टेकल्याबरोबर "बस" म्हणा आणि तुकडा द्या. लगेच द्या. घरात जाऊन तुकडा शोधून आणाल तर तोवर तो उठून दुसरेच काही करीत असेल, आणि तुकडा त्याचा मिळाला असे समजेल. दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटे करा. जास्त केले तर कुत्रेही कंटाळते आणि आपणही.

हे का जमते? रशियात पाव्हलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. पचनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी पाहिले की कुत्र्याला खाणे देण्याआधी रोज एक ठराविक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटते. घरी परातीचा आवाज झाला की आपले कुत्रे दारात येऊन उभे राहते, ते याच कारणाने. ज्या गोष्टीच्या पाठोपाठ चांगले घडते ती गोष्ट कुत्रे धरून ठेवते. ज्या गोष्टीच्या पाठोपाठ मार बसतो ती टाळते.

म्हणून "ये" या शब्दाला जपा. मोत्या दोर सोडवून पळाला. आपण अर्धा तास ओरडतो, "मोत्या, ये! ये!" शेवटी तो येतो, आणि आपण त्याला एक ठेवून देतो. आपल्याला वाटते पळाल्याची शिक्षा झाली. मोत्याला वाटते आल्याची शिक्षा झाली. पुढच्या वेळी तो येणार नाही. राग आला तरी गिळा. आला म्हणून शाबासकीच द्या.

दात येतात तेव्हाही असेच. चार महिन्यांपासून दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांत पुरे ४२ दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावते. त्याला जुना जाड दोर गाठी मारून द्या आणि चपला वर ठेवा. हात चावला तर खेळ तिथेच थांबवा आणि उठून जा.

नीट शिकविलेले कुत्रे काय करू शकते ते पाहा. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. पोलिसांजवळ झंजीर नावाचे कुत्रे होते. त्याने वासावरून लपविलेली स्फोटके हुडकून दिली. एकूण तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स त्याच्यामुळे सापडले. किती माणसे वाचली असतील! २००० साली तो मेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. आपल्या मोत्याला बॉम्ब हुडकायचे नाहीत. पण झंजीरसारख्या कुत्र्यांचा पहिला धडाही "बस" आणि "थांब" हाच असतो.

बांधून ठेवण्याविषयी कायदाही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात म्हटले आहे की जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीने बेसुमार वेळ बांधणे हा गुन्हा आहे. इतकेच नाही, जे कुत्रे नेहमी बांधलेले असते त्याला धन्याने पुरेसे फिरविले नाही तर तोही गुन्हा आहे. म्हणजे कुत्र्याला फिरवून आणणे ही हौस नाही, कायद्याने सांगितलेले काम आहे.

खाण्याचे थोडक्यात. भाकर, वरण, भात, ताक चालते. मधूनमधून अंडे मिळाले तर उत्तम. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट देऊ नका, ते कुत्र्याला विषासारखे आहे. शिजविलेली हाडे फुटून घशात, आतड्यात टोचतात. नामदेवांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कुत्र्याने भाकर पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ते संत होते. आपण निदान पाण्याचे भांडे भरून ठेवू.

आता लस. तीन महिन्यांचे झाले की पिल्लाला ढोरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस टोचून घ्या. पुढे दर वर्षी टोचावी लागते. दुसऱ्या रोगांच्या लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात आणि जंताचे औषधही द्यावे लागते. ते डॉक्टरांना विचारा.

आणि कुत्रे चावलेच तर? मग ते घरचे असो की रस्त्यावरचे, लहान पिल्लू असो की मोठे, नुसता ओरखडा असो की जखम, हे करा. नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत, साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवा. पंधरा मिनिटे म्हणजे खरोखर पंधरा, घड्याळ लावून. रोगाचे विष लाळेत असते, ते साबणाने मरते आणि वाहून जाते. मिरची भरू नका, चुना लावू नका, हळद-तेल लावू नका, घट्ट बांधू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शेगावच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट देतात.

घरी कोणी म्हणेल, "पोटात चौदा सुया घेतात म्हणे. लेकराले कायले तरास देता?" पूर्वी तसे होते. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद झाली. आता सुई दंडात देतात, आणि सरकारी दवाखान्यात बहुधा चारच खेपा जावे लागते. पहिली सुई ज्या दिवशी दिली त्या दिवसापासून मोजून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतही एक औषध देतात. दोन सुया झाल्या, बरे वाटले, म्हणून तिसरी सोडली, असे करू नका. हा रोग चावल्यानंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो. एकदा माणूस पाण्याला भिऊ लागला की मग त्याला वाचविणे जवळपास अशक्य आहे. पण वेळेवर लस घेतली तर रोग होतच नाही. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला अशी लस देवविली. तो मुलगा जगला. त्याआधी अशा मुलाच्या आईने रडण्यावाचून काही करता येत नव्हते.

कुत्रे आपले असेल आणि लेकरू शेजाऱ्याचे असेल, तर दवाखान्यात आपणच बरोबर जावे. कुत्र्याला मारून टाकू नका. त्याला बांधून दहा दिवस लक्ष ठेवा. ते सुस्त झाले, लाळ गळू लागली, आवाज बसला, उगाच चावू लागले, तर डॉक्टरांना कळवा. पण सुया मात्र दहा दिवस थांबून नव्हे, पहिल्याच दिवशी सुरू करायच्या.

पोरांना तीन गोष्टी सांगून ठेवा. कुत्रे खात असताना हात लावायचा नाही. झोपले असताना उठवायचे नाही. कुत्रीजवळ पिल्ले असतील तर तिकडे जायचे नाही. अनोळखी कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही. हात अंगाशी धरून उभे राहायचे, त्याच्या डोळ्यांत पाहायचे नाही. अगदी लहान लेकराला आणि कुत्र्याला एकटे सोडून मोठ्या माणसाने जायचे नाही, मग आपला मोत्या कितीही गुणी असो.

आता वही काढा आणि लिहा.

आपल्या कुत्र्याचे नाव. त्याच्या जन्माचा महिना. रेबीजची लस कोणत्या तारखेला टोचली. पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला टोचायची.

घरातल्या सगळ्यांना बसवा आणि कुत्र्यासाठी वापरायचे चार शब्द ठरवा. ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा.

हे गणित करा: एका लेकराला कुत्रे चावले. पहिली सुई १० ऑगस्टला दिली. बाकीच्या तीन सुया कोणकोणत्या तारखांना द्यायच्या? ऑगस्टचे दिवस ३१ आहेत, हे ध्यानात ठेवून मोजा.